ट्रिम वर जात नाही

१७ मे २०२६, रविवार

आजपासून धोंड्याचा महिना लागला. तीनेक वर्षांतून एकदा येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयाच्या मानाचा महिना. मी रिटायर झाल्यापासून सासरीच राहतो, त्यामुळे माझा मान रोजच्या वरणात विरघळून गेला आहे.

सकाळी सासूबाई ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. नाव तानाबाई, वय ऐंशीच्या घरात, आवाज मात्र चाळिशीचा. म्हणाल्या, मले या धोंड्यात जुन्या गावाले जाऊन दिवा लावाचा हाये. जुनं माळडोह धरणाखाली गेलं, त्याला जमाना झाला. मारुतीच्या पाराचा उंचवटा तेवढा पाण्याच्या मधोमध डोकं वर काढून आहे. मूर्ती नव्या गावात आणली, पार तिथंच राहिला. त्याला लागून यांच्या घराचं जोतं. लग्न होऊन त्या त्याच घरात आल्या, दोन्ही पोरी तिथंच झाल्या. आता गुडघे बोलायला लागले आहेत, म्हणून पुढच्या धोंड्याची वाट पाहायची नाही म्हणतात.

मी ताबडतोब म्हणालो, मी नेतो. पॉवर बोटीनं.

घरात शांतता पसरली. आदराची असावी.

बोट डोंगरसिंगची. तो या धरणातल्या मासेमारीचा ठेकेदार आणि माझा मित्र. त्यानं हौसेनं बोटिंग काढलं होतं, ते बंद पडलं. बोट काठावर ताडपत्रीखाली पडून आहे. तो म्हणाला, खुशाल न्या, फक्त तिचं पॉवर ट्रिम बिघडलं आहे. ट्रिम म्हणजे बोटीच्या मागचं इंजिन बटण दाबून वरखाली करायची सोय. पाणी उथळ लागलं की इंजिन वर घ्यायचं, नाहीतर पंखा चिखलात रुततो. इलेक्ट्रिकचा बिघाड, म्हणजे घरचाच विषय. पांढरकवड्याला कापसाच्या जिनिंगमध्ये मी आयुष्यभर स्टोअरकीपर होतो. तिथल्या प्रत्येक मोटारीचा प्रत्येक फ्यूज माझ्या हातून गेला आहे. वायरमन लोक नुसते लावायचे.

संकल्प: पुढच्या रविवारी सासूबाईंना घेऊन जायचं. दुरुस्तीला लागणारा वेळ: अर्धा तास.

एकच इच्छा आहे. सासूबाईंनी चार लोकांत माझं नाव एकदा तरी कौतुकानं घ्यावं. ते घेतात धाकट्या जावयाचं. माझा साडू रजत, पांढरकवड्याला ट्रान्सपोर्टचा धंदा. त्यानं केलं काय, तर एकदा गॅसचं सिलिंडर आणून दिलं.

१८ मे, सोमवार. सकाळी ७

पाहणी. बोटीचं शेपूट पाण्यात, तोंड काठावर. ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. बटण खाली दाबलं: घुंईंऽ आवाज, इंजिन खाली. बटण वर दाबलं: टक्. बस, नुसतं टक्. इंजिन ढिम्म.

निदान: यंत्र जिवंत आहे, पण त्याला वर जायची इच्छा नाही.

१९ मे, मंगळवार

आज टेस्टर नेला. तोच, स्क्रू-ड्रायव्हरसारखा, आत छोटा दिवा असलेला. घराघरात असतो. एकेका वायरीला लावला. एकाही वायरीवर दिवा लागला नाही. म्हणजे सगळं वायरिंग मेलं आहे. एवढा मोठा बिघाड डोंगरसिंगला दोन वर्षांत सापडला नाही.

विजयमालेनं (पत्नी) जेवताना विचारलं, अहो, वायरी मेल्या तं मंग इंजिन खाली कसं येते? तिला म्हटलं, उरलासुरला करंट असतो. तिनं आणखी काही विचारलं नाही. पटलं असावं.

दुपारी सगळ्या वायरी सोडवून मोकळ्या केल्या. कोणती कुठं होती ते लिहून ठेवायची गरज नाही. डोक्यात फोटो काढला आहे.

२१ मे, गुरुवार

डोक्यातला फोटो ऊन लागून जरा पुसट झाला. काल दिवसभर जोडाजोड. शेवटी पुन्हा तेच. खाली घुंईं, वर टक्.

मग एकदम सुचलं. शेतातली पंपाची मोटार उलटी फिरली तर आपण काय करतो? दोन वायरी अदलाबदल करतो. हे या भागात शेंबड्या पोरालाही येतं. निळी काढून हिरवीच्या जागी लावली, हिरवी निळीच्या.

बटण दाबलं. इंजिन वर गेलं! पार आकाशाकडे तोंड करून उभं राहिलं! एकटाच टाळ्या वाजवल्या.

रात्री पुढे लिहितो: खाली येत नाही. खालीचं बटण दाबलं की वर जातं आणि वरचं दाबलं की टक्. पण ज्या कामाला हात घातला होता ते झालं. वर जात नव्हतं, आता वर जातं. खाली यायचा बिघाड हा वेगळा बिघाड आहे आणि तो वेगळा मोजायला हवा.

२४ मे, रविवार

सासूबाई पहाटेच आंघोळ करून तयार. नवं लुगडं. टोपलीत तूप, वाती, पितळी निरांजन आणि रात्री जागून केलेले पुरणाचे धोंडे. मी परिस्थिती समजावून सांगितली. इंजिनाचा पंखा हवेत आहे, हवेत पंखा फिरून बोट जात नाही.

तेवढ्यात डोंगरसिंग आला. म्हणाला, रामरावजी, कायले एवढं? माह्या डोंग्यात बसवा आईले, माणूस वल्हवून नेईन, अर्ध्या घंट्यात पारावर. सासूबाई उठल्यासुद्धा.

मी आडवा आलो. ऐंशीच्या बाईला मासळीच्या डोंग्यात? जावई असताना? शब्द दिला आहे मी. येत्या रविवारी नक्की.

सासूबाईंनी टोपली खाली ठेवली. मग म्हणाल्या, धोंड्याच्या महिन्यात जवायाचं मन कायले मोडा. अन् खाली बसल्या. धोंडे आम्हीच खाल्ले. डोंगरसिंगनं सगळ्यांत जास्त.

२६ मे, मंगळवार

उकाडा भयंकर. डोकं मात्र थंड ठेवलं आहे.

मूळ सापडलं: रिले. छोटा काळा डबा असतो, बटणाचा हुकूम मोटारीपर्यंत पोचवणारा. वर जायचा एक, खाली जायचा एक. टक् तोच करतो. जिनिंगमध्ये असले डबे मी ढिगानं वाटले आहेत. आतून कधी पाहिले नाहीत, पण ओळख जुनी.

पांढरकवड्याला गेलो. हायवेवर स्पेअर पार्टची दुकानं एकाला एक लागून. बोटीसाठी पाहिजे म्हटलं असतं तर हसले असते, म्हणून गाडीसाठी म्हणालो. त्यानं कोणती गाडी विचारलं. मी म्हटलं, मोठी.

येताना रजतकडे चहा. त्यानं विचारलं, दादा, मी येऊ काय मदतीले? म्हटलं, तू ट्रक सांभाळ.

२७ मे, बुधवार

नवा रिले लावला. बटण दाबलं. आवाजच नाही! टक् बंद! बिघाडाचा आवाज गेला म्हणजे निम्मा बिघाड गेला. इंजिन अजून वरच आहे, पण आता शांतपणे.

पाणी बोटीच्या शेपटापासून जरा मागे सरकलं आहे. बरंच झालं, कोरड्यात बसून काम करता येतं.

३० मे, शनिवार

डोंगरसिंगनं रिले हातात घेऊन वाचला. त्यावर २४ व्होल्ट लिहिलं आहे. म्हणाला, हा तं ट्रकचा हाये, आपली बॅटरी बाराची. मी म्हटलं, मला माहीत आहे, मुद्दामच दुप्पट ताकदीचा आणला. त्यानं रिले माझ्या हातात परत ठेवला आणि जाळी आवरायला गेला.

उद्याचा रविवार पुढे ढकलावा लागेल. सासूबाईंना सांगायचं काम विजयमालेला दिलं.

३१ मे, रविवार

सासूबाई आजही तयार होऊन बसल्या होत्या. विजयमाला म्हणते, मी काहून सांगू, तुमचा शब्द तुमीच सांगा. सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं. नुसतं बरं.

संकल्प: आता आर या पार.

१ जून, सोमवार. दुपार

रिलेला चोवीस पाहिजे ना? घे चोवीस. शेजारच्या रामीबाईच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली, आपलीला जोडली. बारा आणि बारा चोवीस. हिशोब सरळ आहे.

बटण दाबलं. इंजिन धाडकन खाली आलं. पुढच्या काचेखालचा एक छोटा दिवा फुटला, मीटरचा काटा पार टोकाला जाऊन अडकला आणि फ्यूज गेला.

पण खाली आलं! वेगळा मोजलेला बिघाडही गेला.

संध्याकाळ: फ्यूज नव्हता, म्हणून घरी टाकतो तशी तांब्याची तार टाकली. बटण दाबलं. धूर. एका वायरीचं प्लास्टिक वितळून ठिबकायला लागलं. बॅटरीचं कनेक्शन तोडलं आणि विजयमालेला ओरडून सांगितलं, बादली घेऊन पाणी आण. ती गेली. बराच वेळ आलीच नाही. धूर आपोआप थांबला, मी एक विडी ओढली, तरी नाही. शेवटी आली, धापा टाकत. म्हणे, पाणी लय दूर गेलं.

वळून पाहिलं. खरंच लांब गेलं आहे. कालव्याला सोडलं म्हणतात. शिवाय ऊन.

२ जून, मंगळवार

रामीबाईची बॅटरी परत केली. तिनं विचारलं, बोट चालली का? म्हटलं, प्रगती आहे.

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, जवाईबापू, पाणी उतरून राह्यलं, दिसते का तुमाले? मी म्हटलं, आई, म्हणूनच तर ट्रिम लागतं! पाणी जितकं कमी, तितकं ट्रिम महत्त्वाचं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण महिना धोंड्याचा आहे.

४ जून, गुरुवार

आता शास्त्रशुद्ध जायचं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. नेटवर्क फक्त बोटीच्या नाकावर उभं राहिलं की येतं. एक गोरा माणूस, डोक्यावर टोपी, मागे पंखा. पहिल्याच मिनिटाला म्हणतो, आधी सगळे कनेक्टर काढून साफ करा. एवढं मलाही समजतं, म्हणून पुढचा भाग पाहिला.

पुढच्या भागात तो दुसरी बोट दुरुस्त करत होता.

विजयमालेनं विचारलं, इंजिन हातानं उचलता नाही येत का? डोंगरसिंगही हेच म्हणतो. बाजूला एक स्क्रू आहे, तो ढिला केला की दोघं मिळून उचलू शकतात. असेल. पण मग त्याला पॉवर ट्रिम कशाला म्हणायचं?

७ जून, रविवार

सासूबाई आज तयार झाल्याच नाहीत. जुन्याच लुगड्यात तुरीची डाळ निवडत बसल्या. चहा दिला, त्यात साखर बरोबर होती, तरी चहा लागला नाही.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्या दिवशी डोंग्यात बसून गेल्या असत्या तर दिवा केव्हाच लागला असता. हा विचार मनात आला आणि जेवणावर वासना राहिली नाही. दोनच भाकरी खाल्ल्या.

दुपारी बोटीवर जाऊन रिलेचं सगळं घरटंच उपटलं. रिले बसतात तो खोका, पिना, कनेक्टर, सगळं. टिफिनच्या डब्यात भरून घरी आणलं. शांतपणे अभ्यास करीन.

१० जून, बुधवार

अनर्थ. विजयमाला जावयांच्या वाणासाठी पितळी दिवे, ताम्हणं, सगळं घासायला बसली होती. माझा टिफिनचा डबा तिथंच होता. त्यातल्या पिना हिरव्या पडलेल्या पाहून तिनं त्याही घेतल्या. चिंच आणि मीठ! दात घासायच्या जुन्या ब्रशनं! वरून धुऊन सुपात उन्हात वाळत घातल्या. घरी येऊन पाहतो तर निरांजनांच्या ओळीत माझे कनेक्टर चमकताहेत.

मी संतापलो. करंटच्या वस्तू कोणी चिंचेनं घासतं का? ती म्हणाली, कळकट होत्या, म्हणून घासल्या. कळकट तं दिवाबी पेटत नाही. मी म्हटलं, दिवा वेगळा, ट्रिम वेगळं. संध्याकाळपर्यंत बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं की नाही कळायला मार्ग नाही.

११ जून, गुरुवार. सकाळी ११

झालं!!!

सगळं परत बसवलं. जुनाच रिले लावला, नवा ट्रकवाला खिशात. फ्यूज डोंगरसिंगनं दिला. निळी-हिरवीचं काय करायचं आठवेना, म्हणून रंगाला रंग लावला. बटण वर: इंजिन वर. बटण खाली: इंजिन खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली. घुंईंऽ घुंईंऽ. असं गोड गाणं मी आजवर ऐकलं नाही.

पद्धतशीर तपासाचं फळ. एकेक शक्यता बाद करत गेलो.

विजयमालेनं चिंचेचा विषय काढला. मी तो वाढू दिला नाही.

जाहीर केलं: सोमवार, १५ जून, धोंड्याच्या शेवटच्या दिवशी, सासूबाईंना जुन्या माळडोहला बोटीनं नेणार. रजत आणि मेहुणी सुरभी यांनाही मुद्दाम बोलावलं आहे. काठावर उभं राहून पाहतील.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर महिन्यात पहिल्यांदा हसू दिसलं. म्हणाल्या, मंग पुरण टाकतो.

१३ जून, शनिवार

बोट पाण्यापर्यंत नेणं हे छोटं काम राहिलं होतं. ट्रॅक्टर लागला. आधी कोरडी भेगाळलेली माती, मग ओली माती, मग बेशरमाच्या झाडांचं रान, मग चिखल. पाणी आता जुन्या नदीच्या पात्रात गोळा झालं आहे. तिथं बोट उतरवली. तरंगते. पाणी गुडघ्याच्या जरा वर. ट्रिमची खरी परीक्षा असल्याच पाण्यात होते.

मारुतीचा पार इथून दिसत नाही, मधे बेशरम फार माजलं आहे. दिशा माहीत आहे.

डोंगरसिंगनं डोक्याला हात लावून विचारलं, रामरावजी, तुमी एकडाव तिकडून चक्कर मारून पाह्यलं का? म्हटलं, चक्कर सोमवारी, बोटीनं.

१५ जून, सोमवार. रात्र

पहाटेच जाऊन बोटीत बसलो. इस्त्रीचा शर्ट. बेत असा: मी बोट काठाला लावणार, रजत त्याच्या बोलेरोत सगळ्यांना तिथपर्यंत आणणार, मग मी हात देऊन सासूबाईंना बोटीत घेणार.

इंजिन चालू केलं. पंखा चिखलात. ट्रिम वर घेतलं. पंखा हवेत. थोडं खाली: चिखल. थोडं वर: हवा. चिखल आणि हवा यांच्या मधे पाणी म्हणून जे काही होतं ते पंख्याला पुरत नव्हतं. पण ट्रिम! एकदाही टक् म्हणालं नाही. तासभर वरखाली करत होतो, शंभर टक्के ओके. बोट जागची हलली नाही.

तेवढ्यात बेशरमापलीकडून गाडीचा आवाज. बोलेरो. काठावर थांबेल म्हणून मी उभा राहून हात केला. ती थांबली नाही. धरणाच्या तळातून, भेगाळलेल्या मातीवरून, धूळ उडवत सरळ माझ्या बाजूनं पुढे निघून गेली. पुढच्या सीटवर सासूबाई, मांडीवर टोपली. रजतनं हॉर्न दिला. विजयमाला मागच्या खिडकीतून हातानं या या करत होती. गाडी पाराकडे गेली. पार बेट राहिलाच नव्हता. सगळीकडून कोरडा होता. रजत म्हणतो, आठवडा झाला असेल.

मी बोटीतून उडी मारली. मांडीपर्यंत चिखल. एक चप्पल तिथंच राहिली, दुसरी मी चिडून फेकली.

पोचलो तेव्हा सगळे पाराखाली नुसतेच उभे होते. दिवा लागला नव्हता. सुरभी म्हणाली, आई लावूच देत नव्हती, म्हणे मोठे जवाई येऊन राह्यले, थांबा.

पाराच्या पायऱ्या गाळात गेल्या आहेत. चढायला काही नव्हतं. रजतचे बूट नवे होते. सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, तुमी चिखलानं भरलेच हा, तं बसा खाली. मी गाळात गुडघे टेकले. त्यांनी माझ्या खांद्यावर पाय दिला, डोक्यावर हात ठेवला आणि वर चढल्या. हलक्या आहेत फार. इतक्या हलक्या असतील असं वाटलं नव्हतं.

दिवा लावला. मग आपल्या घराच्या जोत्यावर जाऊन बसल्या. इथं चूल होती, इथं गाय बांधत होतो, या कोपऱ्यात विजयमाला झाली, लय पाऊस होता त्या रात्री. बोलता बोलता रडायला लागल्या. पोरी रडल्या. मीही रडलो. रजत गाडी पुसत होता, पण तोंड तिकडं करून, म्हणजे तोही.

डोळे पुसल्यावर सासूबाईंनी दूर पात्रात वाकडी उभी असलेली बोट पाहिली. म्हणाल्या, जाऊ द्या, जवाईबापू, मनाले लावून घेऊ नका. पुढच्या धोंड्याले तुमच्या बोटीनंच येऊ. तवरोक होऊन जाईन दुरुस्त.

मला सांगायचं होतं की ती दुरुस्त झालेली आहे. गुरुवारपासून. वर जाते, खाली येते. मी तोंड उघडलं. माझे दोन्ही हात चिखलाचे होते, म्हणून सासूबाईंनी टोपलीतला पहिला धोंडा आपल्या हातानं माझ्या तोंडात घातला. तो मोठा होता. गिळून होईपर्यंत सगळे गाडीत बसले होते.